गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, मधूनच सटकणारा गुडघा आणि रोजची नोकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघे दुखतात, पण नोकरी सोडणे शक्य नाही आणि घर ते कार्यालय हे अंतरही कमी होणार नाही, अशा सर्वांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. डोंबिवलीहून रोज मुंबईत नोकरीला जाणारी एक कर्मचारी आहे. गेली नऊ वर्षे माझ्या दोन्ही गुडघ्यांना हा आजार आहे आणि त्यातला उजवा गुडघा मधूनच दगा देतो. अस्थिरोगतज्ज्ञांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून जे शिकले आणि जे रोजच्या प्रवासात पारखून घेतले, तेवढेच येथे मांडते आहे. हे तपासणीला पर्याय म्हणून वापरू नये.

"गुडघा झिजला आहे" असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमके काय झाले आहे?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकत्र येतात तेथे दोघांच्याही टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, दोन्ही हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात आणि समोर वाटी असते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चा पातळ आणि खडबडीत होते, गाद्या विरतात, कडांना हाडाचे लहान काटे वाढतात, सांध्याच्या आतल्या अस्तराला अधूनमधून सूज येते आणि भोवतीचे स्नायू अशक्त होतात. थोडक्यात, हा संपूर्ण सांध्याचा आजार आहे. "झीज" हा शब्द सोयीचा असला तरी तो मनात चुकीचे चित्र उभे करतो. गाडीचे टायर जसे चालवल्याने संपतात, तसा गुडघा चालल्याने संपत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते आणि तो द्रव हालचालीनेच आतबाहेर होतो. त्यामुळे चालणे बंद करणारा माणूस गुडघा वाचवत नसतो, त्याला उपाशी ठेवत असतो.

हा आजार फार जणांना आहे, हेही ठाऊक असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता, त्यात गुडघ्याचे रुग्ण सर्वाधिक होते आणि एकूण रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या.

माझा गुडघा अचानक "सटकतो". दुखत नसतानाही पाय मुडपल्यासारखा होतो. हे काय आहे?

या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून उत्तर सविस्तर देते. दुखण्याची सवय होते, पण पायावरचा विश्वास गेला की माणूस घराबाहेर पडणेच टाळू लागतो. माझे तसेच झाले होते. स्थानकाच्या पुलावरून उतरताना तिसऱ्या पायरीवर उजवा गुडघा एकदम पुढे मुडपला. डाव्या हाताने कठडा धरलेला होता म्हणून मी पडले नाही, पण खांद्यावरची पिशवी घसरली आणि डबा पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला. इजा काहीच झाली नाही. तरीही त्यानंतरचे दोन महिने मी प्रत्येक जिन्यासमोर थबकत होते.

सटकण्याची कारणे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिले आणि सर्वाधिक आढळणारे कारण स्नायूंचे आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याला उभे धरतो. सांध्यात दुखले किंवा थोडे पाणी झाले की शरीर आपोआप त्या स्नायूची पकड ढिली करते, आणि नेमके वजन टाकण्याच्या क्षणी तो हजर राहत नाही. दुसरे कारण लिगामेंटचे, म्हणजे दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट बंधाचे. तरुणपणी खेळताना किंवा दुचाकीवरून पडून लिगामेंटला दुखापत झालेली असते, तेव्हा ती "मुरगळली" म्हणून सोडून दिलेली असते आणि वीस वर्षांनी तोच गुडघा वळताना बाजूला सरकतो. तिसरे कारण फाटलेल्या गादीचा तुकडा किंवा सांध्यात सुटा फिरणारा कण. यात गुडघा सटकतो तसाच मध्येच अडकतोही, आणि हलवून-हलवून मोकळा करावा लागतो.

म्हणून डॉक्टरांना नुसते "सटकतो" एवढेच सांगू नका. उतरताना सटकतो की वळताना, सरळ पुढे मुडपतो की बाजूला जातो, आधी कळ येते की न दुखताच होते, नंतर सूज येते का आणि गुडघा कधी अडकला आहे का, हे आठवून लिहून न्या. या पाच उत्तरांनी डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते. पहिल्या प्रकारचे सटकणे व्यायामाने बरेच आटोक्यात येते.

कोणत्या तपासण्या लागतात? एमआरआय करावाच लागतो का?

बहुतेकांना लागत नाही. पंचेचाळिशीच्या पुढचे वय, हालचालीने वाढणारे दुखणे आणि सकाळी अर्ध्या तासाच्या आत सुटणारा ताठरपणा, एवढ्यावर निदान होऊ शकते. एक्स-रे काढायचा असेल तर तो उभे राहून, पायावर वजन टाकून काढलेला असावा. झोपून काढलेल्या चित्रात हाडांमधली फट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसू शकते. लिगामेंटची शंका असेल, गुडघा अडकत असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा एमआरआयचा उपयोग होतो. एक्स-रे आणि दुखणे यांचे प्रमाण जुळतेच असे नाही, हेही लक्षात ठेवा. चित्र वाईट असूनही ठणठणीत चालणारी माणसे असतात, आणि चित्रात फारसे काही नसताना जिना न चढवणारीही असतात. "चौथी ग्रेड" (एक्स-रेवरून ठरणारी सर्वांत वरची पायरी) हा शब्द ऐकून हातपाय गाळू नयेत.

ताबडतोब डॉक्टरकडे कधी जावे?

गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल व सोबत ताप असेल, पडल्यानंतर पायावर वजनच टाकता येत नसेल, गुडघा अडकून सरळ होत नसेल, पोटरी अचानक सुजून दुखू लागली असेल, किंवा रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे असेल, तर त्याच दिवशी जावे. सकाळचा ताठरपणा तासापेक्षा जास्त टिकत असेल आणि हातांची बोटेही सुजत असतील, तर हा वेगळ्या प्रकारचा संधिवात असू शकतो आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

दुखत असेल तर महिनाभर रजा घेऊन पूर्ण विश्रांती घ्यावी का?

माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नये. गुडघा सुजला असेल तेव्हा दोन-चार दिवस काम हलके करणे, बर्फाने शेकणे, पाय उशीवर ठेवणे योग्यच आहे. पण महिनाभर पलंगावर पडून राहिल्यास मांडीचा स्नायू इतका उतरतो की पुन्हा कामावर जाताना गुडघा आधीपेक्षा जास्त सटकतो. गुडघ्यावर दिवसभरात किती भार पडतो याचा हिशोब ठेवावा आणि तो भार एकदम न घालता वाटून द्यावा. भाजी, बँक, दवाखाना आणि कार्यालय हे सगळे एकाच दिवशी उरकायचे, आणि मग दोन दिवस कळा काढत बसायचे, ही आपली जुनी सवय गुडघ्याला सर्वांत महाग पडते.

कोणते व्यायाम करावेत? नोकरीच्या धावपळीत वेळ कुठून काढायचा?

फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी नीट शिकून घ्यावेत, कारण प्रत्येकाचा गुडघा वेगळ्या ठिकाणी कमजोर असतो. तरीही पाया सर्वांचा सारखाच आहे, म्हणून सांगते.

पहिल्या दिवशी मला पलंगावर पाय पसरून बसवले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि सांगितले, "टॉवेल खाली दाबा." डाव्या पायाने तो सहज दाबला गेला. उजव्या पायाने मी सगळी ताकद लावली, दात आवळले, तरी वाटीच्या वरचा स्नायू नुसता थरथरला आणि सुटला. "तुमचा गुडघा इथून सटकतो," असे म्हणून फिजिओथेरपिस्टनी त्या थरथरणाऱ्या जागेवर बोट ठेवले. सांधा खिळखिळा झाला आहे असे मी वर्षभर धरून चालले होते, आणि कमजोर होता तो त्याच्यावरचा स्नायू.

टॉवेल दाबून पाच ते दहा सेकंद धरणे, असे दहा वेळा. पाठीवर झोपून, एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणे, कारण कमरेच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की गुडघा आत झुकतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे. स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणे, आणि मग त्याच ओट्याशी एका पायावर दहा-वीस सेकंद उभे राहणे. सटकणाऱ्या गुडघ्यासाठी हा शेवटचा तोल साधण्याचा व्यायाम फार मोलाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेकजण सोडून देतात.

वेळेचे म्हणाल तर टॉवेलचा आणि पाय उचलण्याचा व्यायाम मी अंथरुणातून उठण्यापूर्वीच करते, कारण त्यानंतर दिवस आपला राहत नाही. ओट्याशी उभे राहण्याचा व्यायाम चहाला उकळी येईपर्यंत होतो. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे पूर्वपदावर आले तर मात्रा बरोबर आहे असे समजावे, आणि वाढलेलेच राहिले किंवा सूज आली तर संख्या कमी करावी. फरक जाणवायला आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत काही होत नाही म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्थानकाचे पूल आणि जिने कसे पार करावेत?

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे सूत्र पाठ करून ठेवावे. चढताना शरीर वर उचलण्याचे काम वरच्या पायरीवरचा पाय करतो, आणि उतरताना शरीराचे वजन सावकाश खाली सोडण्याचे काम वरच्या पायरीवर मागे राहिलेला पाय करतो. दोन्ही वेळा ते कष्टाचे काम चांगल्या पायाकडे द्यायचे. जेव्हा दुखणे जास्त असेल तेव्हा एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी घ्यावी.

उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड आहे, ही गोष्ट निरोगी माणसाच्या ध्यानात येत नाही. सपाट रस्त्यावर चालताना वाटीमागच्या सांध्यावर जेवढा दाब येतो त्याच्या कितीतरी पट दाब जिन्यावर येतो, आणि उतरताना तो स्नायूने धरून ठेवावा लागतो. दुर्दैवाने अनेक स्थानकांत सरकता जिना फक्त वर जाणारा असतो. त्यामुळे ज्या स्थानकांतून रोज जा-ये करता तेथे लिफ्ट कोणत्या फलाटावर कोणत्या टोकाला उघडते हे एखाद्या रविवारी फुरसतीने पाहून ठेवावे, आणि सकाळी चढताना डबा त्या हिशोबाने निवडावा. मी हे केल्यावर रोजच्या साठ-सत्तर पायऱ्या वाचल्या.

जिन्यावर नेहमी कठड्याच्या बाजूने चालावे आणि तो हात मोकळा ठेवावा, म्हणजे हातात मोबाइल, पिशवी किंवा छत्री काहीही नको. गाडी रिकामी होताच जो लोंढा पुलाकडे धावतो त्यात शिरू नये. फलाटावरच्या बाकावर तीन मिनिटे बसावे. पूल तेवढ्यात मोकळा होतो. मागून धक्का बसेल या भीतीने शरीर आखडते आणि आखडलेला गुडघाच सटकतो.

लोकलमध्ये चढणे, उभे राहणे आणि उतरणे सुरक्षित कसे करावे?

सर्वांत मोठा बदल गाडीच्या निवडीने होतो. डोंबिवली, ठाणे, बोरिवली यांसारख्या स्थानकांतून सुटणाऱ्या लोकल असतात. जलद गाडीपेक्षा त्यांना वेळ जास्त लागत असला तरी बसायला जागा मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. वीस मिनिटे लवकर निघून बसून जाणे आणि जलद गाडीत पन्नास मिनिटे उभे राहणे यांत मी पहिले निवडते, कारण संध्याकाळी घरी पोहोचल्यावर कुकर लावण्याइतका गुडघा शिल्लक राहतो.

बसायला मिळाले तरी चौथी सीट जपून घ्यावी. तीन जणांच्या बाकड्याच्या कडेला अर्धे टेकून बसले की बाहेरच्या पायावर जवळजवळ उभे राहण्याइतकाच भार येतो. घ्यायचीच असेल तर ज्या बाजूला बसल्यावर चांगला पाय वाटेकडे राहील ती घ्यावी, म्हणजे टेकू त्याचा होतो. खिडकीची जागा मिळाली तर दर दहा मिनिटांनी टाच पुढे सरकवून पाय होईल तेवढा सरळ करावा. गुडघा बराच वेळ काटकोनात राहिला की उठताना पहिली चार पावले कठीण जातात. म्हणूनच उतरण्याच्या आधीच्या स्थानकावर उभे राहावे, हँडल धरून दोन-चार वेळा वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे आणि मगच दरवाजाकडे सरकावे.

उभे राहावे लागलेच तर पाठ दोन भागांमधल्या पत्र्याला टेकेल अशी जागा शोधावी, पाय खांद्याइतके रुंद ठेवावेत, एक पाऊल किंचित पुढे असावे आणि गुडघे ताठ न ठेवता जरासे सैल ठेवावेत. ताठ गुडघ्याला गाडीचा धक्का थेट बसतो. दरवाजात उभे राहू नये, चालत्या गाडीत चढू नये आणि थांबत असलेल्या गाडीतून उतरू नये. हे सर्वांनाच लागू आहे, पण ज्याचा गुडघा सटकतो त्याने तर याला एकही अपवाद करू नये. फलाट आणि पायदान यांतली उंची सर्वत्र सारखी नसते. उतरताना खांब धरून दुखरा पाय आधी खाली ठेवावा.

एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली आणि चर्चगेट यांच्यादरम्यान प्रथम धावली. दरवाजे बंद राहत असल्याने गाडीतून खाली पडण्याची भीती तिच्यात नाही, परंतु दरवाजा उघडा राहण्याचा वेळ मोजका असतो आणि त्या वेळात घाई होते, हे जमेस धरावे. मेट्रोत लिफ्ट आणि सपाट फलाट असल्यामुळे, जेथे पर्याय आहे तेथे चार रुपये जास्त देऊनही ती निवडावी असे मी सांगेन.

एसटी, दुचाकी आणि मोटारीचे काय?

एसटीची पहिली पायरी उंच असते. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून, चांगला पाय आधी टाकून, हातांच्या बळावर चढावे आणि चालकाच्या मागच्या भागातली जागा घ्यावी, कारण मागच्या चाकावर हादरे जास्त बसतात. दुचाकीवर सटकणाऱ्या गुडघ्याचा खरा धोका गाडी थांबल्यावर असतो, जेव्हा सिग्नलला एका पायावर गाडीचे वजन तोलावे लागते. चांगल्या पायाच्या बाजूला गाडी झुकवायची सवय लावावी, मोठ्या स्टँडऐवजी साइड स्टँड वापरावे आणि सीट इतकी उंच नसावी की फक्त चवडे टेकतील. मोटारीत क्लचमुळे डावा गुडघा दमतो. डाव्या गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना आपोआप गिअर बदलणारी गाडी मोठा दिलासा देते.

कार्यालयात दिवसभर बसून किंवा उभे राहून काम असते. काय करावे?

बसण्याचे काम असेल तर खुर्ची थोडी उंच ठेवावी, म्हणजे नितंब गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील आणि उठताना गुडघ्याला कमी जोर लागेल. हात असलेली खुर्ची मागून घ्यावी. पाऊण तासाच्या वर सलग बसू नये. पाण्याची बाटली मुद्दाम अर्धीच भरावी, म्हणजे ती भरायला आपोआप उठणे होते.

शिक्षक, परिचारिका, दुकानातले विक्रेते, वाहतूक पोलीस यांचे काम उभ्याचे. त्यांच्यासाठी एक साधा उपाय फार चांगला आहे. पायाशी वीतभर उंचीचा पाट किंवा खोके ठेवावे आणि त्यावर आळीपाळीने एकेक पाऊल ठेवावे. वर्गात फळ्याशी एक उंच स्टूल असावे आणि त्यावर टेकून शिकवण्यात कमीपणा मानू नये. लादीवर अनवाणी किंवा पातळ चपलेत तासन्‌तास उभे राहणे टाळावे.

काठी वापरली तर लोक काय म्हणतील? आणि ती कोणत्या हातात धरावी?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. बहुतेकजण उलट धरतात आणि मग "काही उपयोग होत नाही" म्हणतात. उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचे रबर गुळगुळीत झाले की लगेच बदलावे. पावसाळ्यात स्थानकाच्या ओल्या फरशीवर गुळगुळीत रबराची काठी आधार देण्याऐवजी पाडते. लोकांचे म्हणाल तर काठी पाहून गर्दी थोडी बाजूला होते, हा मला आलेला अनुभव आहे.

नी कॅप किंवा पट्टा बांधावा का?

साधी लवचीक नी कॅप गुडघा धरून ठेवत नाही, पण त्वचेवरच्या दाबामुळे गुडघा कोठे आहे याची जाणीव वाढते आणि विश्वास येतो. प्रवासापुरती ती वापरायला हरकत नाही. रात्री काढून ठेवावी. लिगामेंट सैल असेल तर बाजूला बिजागरी असलेला पट्टा लागतो, आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले असतील तर आतल्या बाजूचा भार कमी करणारा वेगळा पट्टा मिळतो. हे दोन्ही मापानेच घ्यावेत. कोणताही पट्टा व्यायामाची जागा घेत नाही.

वजन कमी केल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि अपेक्षेपेक्षा जास्त पडतो. शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. सत्तर किलोच्या व्यक्तीने पाच किलो कमी केले तरी दिवसभराच्या पावलांचा हिशोब मोठा होतो. खांद्यावरच्या पिशवीलाही हेच लागू आहे. माझी पिशवी एकदा वाणसामानाच्या काट्यावर ठेवली तेव्हा ती सव्वाचार किलो भरली. त्यात दोन छत्र्या होत्या.

गोळ्या, मलम, इंजेक्शन यांतले काय घ्यावे?

डायक्लोफिनॅकसारखे औषध असलेले मलम गुडघ्यासाठी पहिली निवड मानले जाते, कारण ते पोटाला आणि मूत्रपिंडाला फारसा त्रास देत नाही. त्याच जातीच्या गोळ्या गुणकारी असतात, पण रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दुखणे, अल्सर यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये, आणि औषधाच्या दुकानातून "नेहमीची" म्हणून महिनोन्‌महिने तर मुळीच घेऊ नये. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे, फार तर काही महिने आराम मिळतो. सूज खूप असताना व्यायाम सुरू करता यावा म्हणून ते उपयोगी आहे, वारंवार घेण्यासाठी नाही. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर खर्च करण्याची शिफारस बहुतेक प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे करत नाहीत.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. लेबल नसलेल्या पुड्या आणि "जादूच्या" गोळ्या घेऊन दोन दिवसांत धावणारी माणसे आपण पाहतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकते. तेलाचे मालीश आणि गरम शेक यांनी तात्पुरते बरे वाटते, ते खुशाल करावे.

गुडघ्यातून कटकट आवाज येतो. तो वाईट आहे का?

नुसता आवाज असेल आणि दुखणे, सूज किंवा अडकणे नसेल तर काळजीचे कारण नाही.

मांडी घालून, उकिडवे बसणे कायमचे सोडावे का?

दुखत असेल तोवर जमिनीवर बसणे आणि भारतीय पद्धतीचा संडास टाळावा, कारण गुडघा पूर्ण दुमडला की आतला दाब फार वाढतो आणि उठताना तो सर्वाधिक सटकतो. घरी कमोडची आणि भिंतीला पकडदांडीची सोय करणे हा या आजारातला सर्वांत उपयुक्त खर्च आहे. आरतीला किंवा पंगतीला खुर्ची मागून घ्यावी.

वरिष्ठांना सांगावे का? कायद्याचा काही आधार आहे का?

सांगावे, आणि तक्रार म्हणून न सांगता नेमकी मागणी म्हणून सांगावे. "गुडघे दुखतात" यावर कोणी काही करू शकत नाही. "अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर निघण्याची परवानगी आणि तळमजल्यावरची जागा मिळावी" यावर निर्णय घेता येतो. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे, त्यात आजाराच्या नावापेक्षा काय जमत नाही ते लिहिलेले असावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी करणे बंधनकारक आहे, आणि सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला त्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. मात्र ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे एवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि स्थिरता मोजून टक्केवारी ठरते. आरक्षणासारख्या अनेक लाभांसाठी ती किमान ४० टक्के असावी लागते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात नुसती काठी दाखवून चढू नये. तेथे प्रमाणपत्र लागते, आणि ज्यांच्यासाठी तो डबा आहे त्यांची जागा आपण घेऊ नये.

शस्त्रक्रिया कधी करावी? त्यानंतर पुन्हा लोकलने जाता येते का?

नीट केलेला व्यायाम, वजन आणि औषधे यांनंतरही रात्रीची झोप मोडत असेल आणि रोजची कामे होत नसतील, तेव्हा. वय कमी असेल आणि एकाच बाजूचा भाग खराब असेल तर हाडाचा कोन बदलण्याची किंवा अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही असते. दुर्बिणीतून सांधा "धुऊन" घेण्याचा मात्र या आजारात उपयोग नाही, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपये होती. त्यामुळे रुग्णालयाकडून अंदाजपत्रक घेताना सांध्याची किंमत आणि इतर खर्च वेगवेगळे लिहून मागावेत.

बैठ्या कामावर साधारणपणे दीड ते तीन महिन्यांत परतता येते, उभ्याच्या कामाला त्याहून जास्त वेळ लागतो. गर्दीच्या वेळेची लोकल सर्वांत शेवटी. माझ्या एका सहकारी ताईंनी शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन आठवडे फक्त दुपारच्या गाडीने प्रवास केला, तोही दोन स्थानकांपुरता, आणि सोबत त्यांचा मुलगा असे.

जागा मागायला संकोच वाटतो. बाहेरून तर काहीच दिसत नाही.

हा आजार बाहेरून दिसत नाही, त्यामुळे सांगावाच लागतो. मी पूर्वी नुसतीच समोर उभी राहून अपेक्षेने पाहत असे आणि मनातून चिडत असे. आता डब्यात शिरल्यावर "कुठे उतरणार?" असे विचारण्याऐवजी सरळ सांगते, "ताई, माझा गुडघा सटकतो, ठाण्यापर्यंत बसू द्याल का?" स्थानकाचे नाव घेतल्याने समोरच्या बाईला किती वेळ उभे राहायचे ते कळते. दहापैकी आठ वेळा जागा मिळते. उरलेल्या दोन वेळा कोणीतरी निदान पिशवी मांडीवर घेते, आणि माझा कठड्याचा हात मोकळा होतो.